डॉक्युमेंट्स फोल्डर सापडत नाही: प्रोग्राममधून युजरचे नेहमीचे फोल्डर बिनचूक कसे शोधावेत

तक्रार साधारण एकाच साच्याची असते. बिलाची पीडीएफ ‘सेव्ह झाली’ असा निरोप येतो, आणि डॉक्युमेंट्स उघडून बघावं तर तिथं काही नाही. कधी प्रोग्राम सुरू होतानाच ‘पाथ (म्हणजे फाइलचा किंवा फोल्डरचा पूर्ण पत्ता) सापडला नाही’ म्हणून बंद पडतो. लिहिणाऱ्याच्या मशीनवर सगळं सुरळीत, पण बडोद्याच्या रावपुऱ्यातल्या दुकानाच्या काउंटरवर किंवा मकरपुऱ्याच्या कारखान्यात स्टोअरच्या पीसीवर घोळ. कोणी तरी जाऊन पाथ हातानं दुरुस्त करून येतं. काही दिवस बरे जातात. मग पीसी बदलतो, वनड्राइव्हचा (मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठवणीचा) बॅकअप चालू होतो किंवा नवा ऑपरेटर येतो, आणि तीच तक्रार परत.

ती परत येते, कारण दर वेळी पाथ दुरुस्त होतो आणि पाथ जुळवण्याची पद्धत तशीच राहते. कोडमध्ये कुठं तरी युजरच्या नावापुढे ‘डॉक्युमेंट्स’ हा शब्द चिकटवलेला असतो. डॉक्युमेंट्स, डेस्कटॉप, डाउनलोड्स, पिक्चर्स हे फोल्डर नेमके कुठं आहेत ते ऑपरेटिंग सिस्टीमला ठाऊक असतं. तिलाच विचारायचं, प्रोग्राम चालेल तेव्हा दर वेळी विचारायचं, आणि आलेलं उत्तर तपासून मगच वापरायचं. खाली जे काही आहे ते या एका गोष्टीचाच तपशील आहे. फंक्शनांची नावं इथं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. कोडमध्ये ती रोमन अक्षरांत आणि मधली जागा न सोडता लिहायची.

आधी खरा पाथ बघून घ्या

कोडला हात लावण्याआधी ज्या मशीनवर अडलंय तिथं बसा. फाइल एक्सप्लोररमध्ये डॉक्युमेंट्सवर राइट-क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा आणि ‘लोकेशन’ टॅब बघा. तिथला पाथ हा विंडोजच्या नोंदीतला पाथ. दुसरा मार्ग म्हणजे विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबून येणाऱ्या चौकटीत ‘शेल:पर्सनल’ हा शब्द रोमनमध्ये टाकणं. त्यानं डॉक्युमेंट्स उघडतं, आणि ‘शेल:डाउनलोड्स’नं डाउनलोड्स.

मग प्रोग्राम कुठला पाथ धरून बसलाय ते बघा. लॉगमध्ये, म्हणजे प्रोग्राम स्वतःच्या नोंदी लिहितो त्या फाइलमध्ये, चार गोष्टी छापून घ्या: कुठला फोल्डर मागितला, उत्तर काय आलं, प्रोग्राम कुठल्या अकाउंटखाली चालतोय आणि त्या क्षणी चालू डिरेक्टरी (पूर्ण पाथ न दिलेली फाइल जिथं जाते तो फोल्डर) कुठली आहे. अकाउंट आणि चालू डिरेक्टरी लोक सहसा छापत नाहीत, आणि निम्मा तपास त्या दोघांतच असतो.

फोनवर युजर जे नाव सांगेल त्यावर विसंबू नका. बडोद्यात बऱ्याच पीसींवर विंडोजची भाषा गुजराती असते, काही ठिकाणी हिंदी. एक्सप्लोररमध्ये फोल्डरचं नाव त्या भाषेत दिसतं, डिस्कवर मात्र ते इंग्रजीच असतं. फोल्डरमधल्या ‘डेस्कटॉप डॉट आयएनआय’ या लपलेल्या फाइलमधून दिसायचं नाव ठरतं. व्हिस्टापासून ही रीत आहे. त्याआधी एक्सपीच्या काळात जर्मन विंडोजमध्ये फोल्डरचं खरं नावच जर्मन असे, म्हणजे ‘डॉक्युमेंट्स’ हा शब्द कोडमध्ये लिहिणं तेव्हाही चूकच होतं.

पाथ हातानं जुळवला की कुठं फसतो

सगळ्यात जास्त वेळा फसवतं ते वनड्राइव्ह. फोल्डरचा बॅकअप चालू केला की डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स हे तिन्ही ‘सी:\युजर्स\मनीषा\वनड्राइव्ह\डॉक्युमेंट्स’ अशा जागी जातात. ऑफिसचं अकाउंट असेल तर वनड्राइव्ह या शब्दापुढे रेघ आणि कंपनीचं नावही येतं, मधल्या मोकळ्या जागांसकट. कित्येकदा हा बॅकअप नवा लॅपटॉप सुरू करताना चालू होतो आणि ज्याचा लॅपटॉप त्यालाही ते कळलेलं नसतं. जुन्या पाथवर ‘डॉक्युमेंट्स’ नावाचा फोल्डर उरलेला असेल, किंवा तुमच्या प्रोग्रामनंच तो ‘नसेल तर तयार कर’ म्हणून बनवला असेल, तर एरर येतच नाही. फाइल अशा फोल्डरमध्ये पडत राहते, जो युजर कधी उघडत नाही. कोड वाचून हा दोष सापडत नाही. लोकेशन टॅबमधला पाथ आणि लॉगमधला पाथ शेजारी ठेवले की लगेच सापडतो.

डी ड्राइव्हवर हलवलेलं डॉक्युमेंट्स हा दुसरा नेहमीचा प्रकार. सी ड्राइव्ह लहान असला की हार्डवेअरवाला लोकेशन टॅबमधूनच ते हलवून देतो, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. मोठ्या ऑफिसात डॉक्युमेंट्स थेट सर्व्हरवर असतं आणि पाथ दोन उलट्या तिरक्या रेघांनी सुरू होतो. ‘पाथचं पहिलं अक्षर म्हणजे ड्राइव्ह’ असं धरून चालणारा कोड तिथं कोलमडतो.

युजरच्या फोल्डरचं नावही अकाउंटच्या नावावरून ओळखता येत नाही. मायक्रोसॉफ्ट अकाउंटनं पीसी सुरू केला असेल तर ईमेलची पहिली ५ अक्षरं घेऊन फोल्डर बनतो. नंतर अकाउंटचं नाव बदललं तरी फोल्डर जुन्याच नावाचा राहतो. त्या नावाचा फोल्डर आधीपासून असेल तर नव्याच्या शेवटी पीसीचं नाव किंवा ‘.०००’ असं शेपूट लागतं. प्रोफाइल बिघडलं असेल तर विंडोज तात्पुरत्या प्रोफाइलमध्ये लॉगिन करून देतं, पाथमध्ये ‘टेंप’ दिसतं, आणि लॉगआउट करताच त्यात ठेवलेलं सगळं जातं. लॉगमध्ये तो पाथ दिसला तर प्रोग्राम बाजूला ठेवा आणि आधी प्रोफाइल दुरुस्त करा.

रजिस्ट्रीतून (विंडोजच्या सेटिंगच्या साठ्यातून) पाथ उचलणारे बरेच आहेत. तिथं दोन की आहेत, ‘शेल फोल्डर्स’ आणि ‘युजर शेल फोल्डर्स’. पहिलीत मायक्रोसॉफ्टनंच ‘ही की वापरू नका’ या अर्थाची नोंद घालून ठेवली आहे आणि कुठली फंक्शनं वापरायची तेही तिथंच लिहिलं आहे. दुसरीतल्या किमती टक्क्याच्या खुणांत बांधलेल्या व्हेरिएबलसकट असतात. त्या न उलगडता वापरल्या की प्रोग्रामच्या शेजारी ‘%युजरप्रोफाइल%’ अशा शब्दशः नावाचा फोल्डर तयार होतो. असा फोल्डर दिसला की कारण शोधत बसायला नको, पाथ रजिस्ट्रीतून कच्चा वाचला जातोय.

विचारायचं कसं

सी आणि सी प्लस प्लसमध्ये ‘एसएच गेट नोन फोल्डर पाथ’ हे फंक्शन. ते व्हिस्टापासून आहे. त्याआधीचं ‘एसएच गेट फोल्डर पाथ’ अजून चालतं, पण त्याच्या जुन्या क्रमांकांच्या यादीत डाउनलोड्स नाही. नव्या फंक्शननं दिलेली मेमरी ‘को टास्क मेम फ्री’नं सोडायची, आणि फंक्शन अयशस्वी झालं तरी सोडायची. ‘डिफॉल्ट पाथ’ नावाचा झेंडा (फ्लॅग, म्हणजे फंक्शनला द्यायचा पर्याय) चुकूनही लावू नका. त्यानं फोल्डर मुळात कुठं असतो ते कळतं, आता कुठं हलवला आहे ते कळत नाही, आणि आपण परत सुरुवातीला येतो.

डॉटनेटमध्ये ‘एन्व्हायर्नमेंट’ वर्गातलं ‘गेट फोल्डर पाथ’ वापरा आणि त्याला ‘माय डॉक्युमेंट्स’ द्या. त्याच्याही यादीत डाउनलोड्स नाही. म्हणून लोक युजरप्रोफाइलपुढे ‘डाउनलोड्स’ चिकटवतात आणि तो फोल्डर डी ड्राइव्हवर गेला की अडकतात. डाउनलोड्ससाठी वरचं विंडोजचं फंक्शन पी-इन्व्होकनं (डॉटनेटमधून विंडोजचं फंक्शन थेट बोलवायच्या सोयीनं) बोलवा, १० ओळींचं काम आहे.

पायथनमध्ये ‘पाथ डॉट होम’ फक्त घरचा फोल्डर देतं. त्यापुढे डॉक्युमेंट्स जोडलं की पुन्हा हातानं जुळवलेलाच पाथ झाला. ‘प्लॅटफॉर्मडर्स’ हे पॅकेज बसवा. त्यातली ‘युजर डॉक्युमेंट्स डर’ आणि ‘युजर डाउनलोड्स डर’ ही फंक्शनं सिस्टीमला विचारून उत्तर देतात. पायथन ३.८ च्या आधी विंडोजवर ‘होम’ हे व्हेरिएबल सेट असेल तर घरचा फोल्डर तेच धरलं जाई. जुन्या पायथनवर एकच स्क्रिप्ट गिट बॅशमधून आणि कमांड प्रॉम्प्टमधून वेगवेगळ्या जागी लिहीत असेल, तर कारण बहुतेक हेच.

जावामध्ये ‘युजर डॉट होम’ ही प्रॉपर्टी जावा ८ च्या आधी डेस्कटॉपच्या पाथवरून काढली जात होती. डेस्कटॉप डी ड्राइव्हवर हलवला की जावाला घरही डीवर गेलंसं वाटायचं. अजून जावा ६ किंवा ७ वर चालणारा हिशेबाचा प्रोग्राम कुठं असेल, तर हे ध्यानात ठेवा. डॉक्युमेंट्ससाठी ‘जेएनए’ या लायब्ररीतल्या ‘शेल३२युटिल’ वर्गाचं ‘गेट नोन फोल्डर पाथ’ भरवशाचं. इलेक्ट्रॉनमध्ये ‘ॲप डॉट गेट पाथ’, क्यूटीमध्ये ‘क्यू स्टँडर्ड पाथ्स’. क्यूटी पाथ देतं, पण तो फोल्डर डिस्कवर आहेच याची हमी देत नाही. तो तुम्हालाच तयार करावा लागतो.

एक्सेल मॅक्रोचं इथं निराळं सांगायला हवं, कारण दांडिया बाजारापासून अलकापुरीपर्यंत कितीतरी ऑफिसांचं काम त्यांच्यावर चालतं. ‘एन्व्हायरन’नं युजरप्रोफाइल घेऊन त्याला ‘\डेस्कटॉप’ जोडणारी ओळ काढून टाका. तिच्या जागी ‘डब्ल्यूस्क्रिप्ट डॉट शेल’ ऑब्जेक्टचं ‘स्पेशल फोल्डर्स’ वापरा आणि त्याला ‘डेस्कटॉप’ किंवा ‘माय डॉक्युमेंट्स’ द्या. वर्कबुक वनड्राइव्हमध्ये असेल तर ‘धिस वर्कबुक डॉट पाथ’ बऱ्याचदा एचटीटीपीएसनं सुरू होणारा वेबचा पत्ता देतं. त्याला उलटी रेघ आणि फाइलचं नाव जोडून ‘ओपन’ केलं की मॅक्रो अडतो. आउटपुट वर्कबुकच्या शेजारी ठेवायचा हट्ट सोडा आणि डॉक्युमेंट्स विचारून घ्या.

उत्तर रिकामं आलं तर

मागितलेला फोल्डर डिस्कवर नसेल तर डॉटनेटचं ‘गेट फोल्डर पाथ’ एरर देत नाही, रिकामी स्ट्रिंग देतं. रिकाम्या स्ट्रिंगला ‘बिल.पीडीएफ’ जोडलं की उरतं नुसतं ‘बिल.पीडीएफ’, आणि ती फाइल चालू डिरेक्टरीत जाते. विंडोज सर्व्हिसची चालू डिरेक्टरी असते ‘सी:\विंडोज\सिस्टम३२’. महिनाभर ‘हरवलेली’ बिलं तिथं ढिगानं सापडतात. प्रोग्राम ३२ बिटचा असेल तर तीच ‘सिसवॉव६४’मध्ये बघा.

म्हणून उत्तर आलं की तीन तपासण्या करा, आणि त्या टाळू नका: स्ट्रिंग रिकामी नाही ना, फोल्डर खरंच आहे ना, त्यात लिहिता येतं ना. लिहिता येतं का हे परवानग्या वाचून ठरवू नका. एक छोटी फाइल लिहून बघा आणि पुसून टाका. विंडोज १० पासून डिफेंडरमध्ये ‘कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस’ ही सोय आहे. ती चालू असेल तर परवानग्या ठीक असूनही अनोळखी प्रोग्रामला डॉक्युमेंट्समध्ये लिहू दिलं जात नाही. अशा वेळी येणारी एरर कधी कधी ‘फाइल सापडली नाही’ अशी असते आणि तपास भलतीकडे जातो. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डिफेंडरच्या नोंदींत ११२३ क्रमांकाची नोंद शोधा. ती असेल तर विंडोज सिक्युरिटीत रॅन्समवेअर प्रोटेक्शनखाली त्या प्रोग्रामला परवानगी द्या. ती अख्खी सोय बंद करू नका.

प्रोग्राम कोणाच्या नावानं चालतोय

‘युजरचे फोल्डर’ म्हटलं की कुठला युजर हा प्रश्न येतोच. ऑपरेटरचं अकाउंट साधं असेल आणि ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ करताना मालकांचा पासवर्ड टाकला असेल, तर प्रोग्राम मालकांच्या नावानं चालतो आणि डॉक्युमेंट्सही मालकांचंच मिळतं. फंक्शननं बरोबर उत्तर दिलेलं असतं, प्रश्न दुसऱ्याच्या नावानं विचारला गेला. इन्स्टॉलर हीच चूक सर्रास करतात. इन्स्टॉल करताना ॲडमिनच्या डॉक्युमेंट्समध्ये फोल्डर बनवतात आणि ऑपरेटरला तो कधी दिसत नाही. युजरचा फोल्डर बनवायचं काम इन्स्टॉलरवर सोपवू नका, प्रोग्राम पहिल्यांदा सुरू होताना करा. ॲडमिन म्हणून चालणाऱ्या प्रोग्रामला सहसा झेड वगैरे जोडलेले नेटवर्क ड्राइव्हही दिसत नाहीत, हेही याच गोंधळात भर घालतं.

टास्क शेड्युलरमध्ये काम कुठल्या अकाउंटखाली लावलंय ते बघा. ‘सिस्टम’ अकाउंटखाली चालणाऱ्या सर्व्हिसचं घर ‘सी:\विंडोज\सिस्टम३२\कॉन्फिग\सिस्टमप्रोफाइल’ आहे. तिथं बहुधा डॉक्युमेंट्स फोल्डरच नसतो, आणि वरचं रिकाम्या उत्तराचं प्रकरण इथूनच सुरू होतं. सर्व्हिसला लॉगिन केलेल्या युजरचाच फोल्डर हवा असेल तर ‘डब्ल्यूटीएस क्वेरी युजर टोकन’नं त्याचं टोकन (त्या युजरची विंडोजमधली ओळख) घ्या आणि ते ‘एसएच गेट नोन फोल्डर पाथ’ला द्या. हे चालतं, पण कोणी लॉगिनच केलेलं नसेल तेव्हा टोकन मिळत नाही. आमच्या मते सर्व्हिसनं ‘प्रोग्रामडेटा’मध्ये लिहावं आणि युजरच्या सेशनमध्ये चालणाऱ्या छोट्या प्रोग्रामनं तिथून डॉक्युमेंट्समध्ये आणावं. प्रोग्रामडेटात एका युजरनं बनवलेली फाइल दुसऱ्या साध्या युजरला बदलता येत नाही. तेव्हा इन्स्टॉल करतानाच आपल्या उपफोल्डरला योग्य परवानग्या द्या.

मराठी किंवा गुजराती नावाचं अकाउंट

हा दोष आपल्याकडेच भेटतो आणि परदेशी मार्गदर्शनात त्याचा उल्लेख क्वचितच असतो. अकाउंट बनवताना नाव देवनागरीत किंवा गुजराती लिपीत टाकलं की ‘सी:\युजर्स\मनीषा’ हा फोल्डर खरोखर त्या लिपीत तयार होतो. विंडोजला त्यात काही अडचण नाही. अडचण येते ती जुन्या धाटणीच्या प्रोग्रामला. विंडोजच्या फंक्शनांचे दोन प्रकार असतात, शेवटी ‘ए’ असलेलं आणि ‘डब्ल्यू’ असलेलं. ‘ए’वालं फंक्शन जुन्या कोडपेजमधून, म्हणजे एकेका भाषेपुरत्या अक्षरांच्या तक्त्यातून, पाथ देतं. युरोपीय भाषांना, रशियनला, जपानीला अशी कोडपेजं आहेत. मराठी, हिंदी, गुजराती या विंडोजमध्ये फक्त युनिकोडवर चालतात, त्यांना जुनं कोडपेज नाहीच. त्यामुळे प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह येतं, आणि प्रश्नचिन्ह फाइलच्या नावात चालत नाही. ‘सी:\युजर्स\?????\डॉक्युमेंट्स’ असा पाथ लॉगमध्ये दिसला की निदान झालं.

उपाय म्हणजे ‘डब्ल्यू’ची फंक्शनं आणि वाइड स्ट्रिंग, पार शेवटपर्यंत. पाथ नीट मिळवून तो पुढे ‘एफओपन’ला दिला तर घोळ परत येतो. ‘डब्ल्यूएफओपन’ला द्या. विंडोज १० च्या १९०३ आवृत्तीपासून प्रोग्रामच्या मॅनिफेस्टमध्ये (प्रोग्रामसोबतच्या माहितीच्या फाइलमध्ये) ‘ॲक्टिव्ह कोडपेज’ला यूटीएफ-८ लिहिता येतं, म्हणजे ‘ए’ची फंक्शनंही नीट चालतात. मोठा जुना कोड असेल तर हा मार्ग सोपा. व्हीबीएतलं ‘डर’ फंक्शनही याच कारणानं प्रश्नचिन्हं देतं, त्याऐवजी ‘फाइल सिस्टम ऑब्जेक्ट’ वापरा. विंडोजच्या रीजन सेटिंगमध्ये सगळ्या मशीनला यूटीएफ-८ करायची एक खूण आहे. ती मात्र जपून. ज्या ऑफिसात युनिकोडपूर्व फाँटांवर चालणारे जुने मराठी-गुजराती प्रोग्राम आहेत तिथं त्यांची अक्षरं बिघडतात.

लिनक्स आणि मॅक

लिनक्सवर डॉक्युमेंट्सचा पत्ता घरच्या ‘.कॉन्फिग’ फोल्डरातल्या ‘युजर-डर्स.डर्स’ या फाइलमध्ये असतो. ‘एक्सडीजी-युजर-डर डॉक्युमेंट्स’ ही कमांड तो सांगते. फाइलमध्ये ‘एक्सडीजी डॉक्युमेंट्स डर’ असं नाव दिसतं म्हणून ते एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल समजू नका, सहसा ते तसं सेट नसतं. फोल्डर नोंदलेला नसेल तर ही कमांड नुसता घरचा फोल्डर देते, आणि जीलिब या लायब्ररीचं फंक्शन नल (रिकामं उत्तर) देऊ शकतं. इथं भाषेनुसार फोल्डरची खरी नावंच बदलतात. डेस्कटॉपची भाषा बदलून लॉगिन केलं की नावं बदलायची का असं विचारलं जातं, आणि ‘हो’ म्हटलं की हातानं लिहिलेला पाथ मेला. डॉटनेट वापरत असाल तर आठवी आवृत्ती चढवताना जपा. त्याआधी लिनक्सवर ‘माय डॉक्युमेंट्स’ मागितलं की घरचा फोल्डर मिळे, आता खरा डॉक्युमेंट्स मिळतो. म्हणजे जुन्या फाइली एका जागी, नव्या दुसरीकडे. स्नॅप या पॅकेजच्या पद्धतीनं बसवलेल्या प्रोग्रामला ‘होम’च वेगळं दिलेलं असतं.

मॅकवर ‘फाइल मॅनेजर’ला ‘डॉक्युमेंट डिरेक्टरी’ विचारा. ॲप सँडबॉक्समध्ये (सिस्टीमनं आखून दिलेल्या बंदिस्त जागेत) असेल तर मिळणारा पाथ लायब्ररीतल्या ‘कंटेनर्स’खालचा असतो. युजरच्या डॉक्युमेंट्समध्ये लिहायचं असेल तर सेव्हची चौकट उघडून त्यालाच जागा निवडू द्या. २०१९ च्या कॅटलिनापासून डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि डाउनलोड्ससाठी परवानगी विचारली जाते. युजरनं एकदा नाकारलं की सेटिंगमध्ये जाऊन ती हातानंच द्यावी लागते.

सेटिंगमध्ये काय साठवायचं

एवढं सगळं केल्यावरही तक्रार परत आली तर बहुतेक वेळा पहिल्या दिवशी मिळालेला पूर्ण पाथ सेटिंगच्या फाइलमध्ये किंवा डेटाबेसमध्ये लिहून ठेवलेला असतो. वनड्राइव्हचा बॅकअप चालू किंवा बंद झाला की तो खोटा ठरतो. पूर्ण पाथ साठवू नका. ‘डॉक्युमेंट्स’ ही खूण आणि त्यापुढचा ‘बिले\२०२५’ एवढाच भाग साठवा, आणि जोडणी प्रोग्राम चालताना करा. युजरनं स्वतः वेगळी जागा निवडली असेल तर तोच पाथ पूर्ण ठेवा. तो नाहीसा झाला तर गुपचूप दुसरीकडे लिहू नका, विचारा.

आणि डेटाबेस डॉक्युमेंट्समध्ये ठेवूच नका. ॲक्सेसची किंवा एसक्यूलाइटची फाइल वनड्राइव्ह उचलायला लागला की प्रोग्राम लिहीत असतानाच सिंक सुरू होतो, फाइल अडकते किंवा तिची दुसरी प्रत बनते. कुठल्या प्रतीत आजची बिलं आहेत ते मग कोणालाच सांगता येत नाही. एका युजरचा डेटा ‘लोकल ॲपडेटा’मध्ये, सगळ्यांचा ‘प्रोग्रामडेटा’मध्ये ठेवा. डॉक्युमेंट्समध्ये फक्त तेच जावं, जे युजर स्वतः उघडणार आहे.

दुरुस्ती गिऱ्हाइकाकडे नेण्याआधी आपल्याच मशीनवर एक साधं, बिनॲडमिनचं अकाउंट गुजराती नावानं बनवा. त्याचं डॉक्युमेंट्स डी ड्राइव्हवरच्या एखाद्या मोकळी जागा असलेल्या नावाच्या फोल्डरात हलवा, डाउनलोड्स दुसरीकडे हलवा, आणि प्रोग्राम एकदा तसाच, एकदा ॲडमिनच्या पासवर्डनं आणि एकदा टास्क शेड्युलरमधून चालवा. तिन्ही वेळचे लॉग शेजारी ठेवून पाथ आणि अकाउंट ओळीनं ताडून बघा.